प्रश्नचिन्हाआडचं मत

वृत्तवाहिन्यांवरच्या रात्रीच्या चर्चांना शिव्या घालणं हा मराठी मध्यमवर्गाचा जेवणानंतरचा नेमाचा कार्यक्रम झाला आहे. शिव्या घालणारेच त्या चर्चा शेवटपर्यंत बघतात, हे सांगायला नको. खालच्या संवादातले दोघे मात्र जरा उलट्या बाजूंना उभे आहेत. मामा साताऱ्याकडच्या एका दैनिकात अग्रलेख लिहून निवृत्त झाले. रात्रीची चर्चा ते चुकवत नाहीत आणि तिची बाजूही घेतात. भाची मुंबईत एका मराठी वाहिनीवर तसलीच चर्चा रोज उभी करते, आणि तीच त्या प्रकाराच्या विरोधात बोलते. तिला नोकरी टिकवायची आहे, म्हणून नावं गाळली आहेत. मी ऐकत होतो. जिथे राहवलं नाही तिथे कंसात बोललो आहे.

मामा : ज्या धंद्यावर पोट चालतं त्यालाच तू नावं ठेवतेस, याचं मला नवल वाटतं. मराठी पत्रकारितेत मत नव्हतं असा एक काळ दाखव मला. ‘केसरी’ 1881 मध्ये निघाला, आगरकर पहिले संपादक. टिळकांशी पटेना म्हणून 1887 मध्ये बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला. ते भांडण बातमीवरून नव्हतं, मतांवरून होतं. अत्र्यांचा ‘मराठा’ 1956 चा, ऐन संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीतला. त्यात मोरारजींची बाजू कोणी शोधायला जायचं का? ‘नवाकाळ’च्या नीळकंठ खाडिलकरांना लोक अग्रलेखांचा बादशहा म्हणायचे, बातम्यांचा नव्हे. आपल्या लोकांना मत वाचायची सवयच आहे. मग टीव्हीवरच्या माणसानं मत मांडलं की एवढा गहजब कशाला?

भाची : आमचा अँकर मत मांडतो असं तुम्हाला वाटतं ना, तिथेच आमचा कार्यक्रम जिंकतो. मामा, तो मत मांडत नाही. तो प्रश्न विचारतो. स्क्रीनवरची पट्टी एकदा नीट वाचा. ‘सरकार घाबरलं?’ ‘विरोधकांची हवा गेली?’ ‘अमक्यांना अंधारात ठेवलं?’ प्रत्येकीच्या शेवटी प्रश्नचिन्ह. तुम्ही अग्रलेखात लिहायचात की सरकार घाबरलं आहे, आणि पुढे चार कारणं द्यायचात. कारणं पोकळ निघाली तर दुसऱ्या दिवशी पत्रांचा ढीग यायचा. आम्ही तेच वाक्य लिहितो, शेवटी प्रश्नचिन्ह टाकतो आणि कारणं शोधायचं काम सहा पाहुण्यांवर सोडतो. उद्या वकिलाची नोटीस आलीच, तर आम्ही कुठे काय म्हणालो? आम्ही फक्त विचारलं.

मामा : प्रश्न विचारणं हेच तर पत्रकाराचं काम.

भाची : उत्तर हवं असेल तर. आमच्याकडे दुपारच्या मीटिंगमध्ये विषय ठरतो, मग वरच्या पट्टीची वाक्यं ठरतात आणि त्यानंतर पाहुण्यांना फोन जातात. म्हणजे निकाल आधी, साक्षीदार मागून. गेस्ट कोऑर्डिनेशनवाला मुलगा फोनवर पहिलं काय विचारतो माहीत आहे? ‘सर, यावर तुमची लाइन काय?’ सर म्हणाले की बाबा रे, विषय गुंतागुंतीचा आहे, दोन्हीकडे थोडंथोडं तथ्य आहे, की त्यांच्या नावावर काट. तो मुलगा वाईट नाही. त्याला रात्रीपर्यंत सहा खिडक्या भरायच्या असतात आणि त्यातल्या निदान दोन एकमेकींच्या अंगावर धावून गेल्या पाहिजेत.

मागे आम्ही ऊसदरावर चर्चा घेतली. एका प्राध्यापकांना बोलावलं होतं. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारी किमान दर, कशी ठरते, साखर उताऱ्याशी तिचा संबंध काय, चौदा दिवसांत पैसे द्यायचा नियम असून थकबाकी का राहते, हे ते समजावून सांगायला लागले. छान सांगत होते. टॉकबॅकवरून अँकरच्या कानात सूचना गेली : तोडा, प्रवक्त्यांकडे जा. तोडलं. पुढचा सगळा वेळ एका पक्षाचा प्रवक्ता दुसऱ्याला कारखाने कोणी खाल्ले ते विचारत राहिला. ऊस राहिला बाजूला. त्या रात्री बघणाऱ्या शेतकऱ्याला त्याच्या बिलाबद्दल आमच्याकडून काहीही कळलं नाही.

(अशा वेळी प्राध्यापकांचा चेहरा खिडकीत तसाच राहतो आणि ते मान हलवत असतात. ही मान नेमकी कशाला हलते, हे मला आजवर कळलेलं नाही.)

मामा : एका ऊसदराच्या चर्चेवरून सगळं माध्यम मोडीत काढू नकोस. जून 2022 मध्ये शिंदे सुरतमार्गे गुवाहाटीला गेले, तिथपासून 10 जानेवारी 2024 ला विधानसभाध्यक्ष नार्वेकरांनी विधानभवनात अपात्रतेचा निकाल वाचून दाखवला तिथपर्यंतचा काळ आठव. पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट काय असतं हे आमच्या गल्लीत कोणाला ठाऊक होतं? घटनातज्ज्ञ उल्हास बापट तुमच्या वाहिन्यांवर येऊन सांगायचे. प्रतोद कोण नेमतो, विधिमंडळ पक्ष आणि मूळ राजकीय पक्ष यांत फरक काय, हे लोक कान देऊन ऐकायचे. ‘नबाम रेबिया’ हा खटला अरुणाचल प्रदेशचा, 2016 चा. माझा न्हावी कात्री थांबवून त्यावर बोलायचा! आमच्या अग्रलेखांनी हे कधी साधलं नसतं. अग्रलेख वाचणारे शंभरात पाच. टीव्ही सगळे बघतात.

भाची : हे मान्य. तो आमचा चांगला काळ होता, आणि तेव्हा रात्री घरी जाताना मला माझ्या कामाची लाज वाटत नव्हती. पण तेव्हा चाललं काय होतं ते बघा. एक जाणकार माणूस सलग बोलत होता आणि बाकीचे ऐकत होते. नवी माहिती मिळत होती. ते मतप्रदर्शन नव्हतं, शिकवणी होती, आणि लोकांनी ती आवडीनं बघितली. मग लोकांना फक्त आरडाओरडाच लागतो, ही आमच्या वरिष्ठांची समजूत आली कुठून?

मामा : टीआरपीतून. दुसरं काय?

भाची : तिथे तर गंमत आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा आरोप केला. तेव्हा देशभरात सुमारे 44,000 घरांत मीटर होते, आणि त्यांतल्या काही घरांना ठरावीक वाहिनी लावून ठेवायला पैसे दिले गेल्याचा तो आरोप होता. पुढे 2024 मध्ये तो खटला मागेही घेतला गेला, ते सोडा. पण त्या वेळी टीआरपी मोजणाऱ्या ‘बार्क’ने वृत्तवाहिन्यांचे आकडे देणं थांबवलं, ते थेट मार्च 2022 पर्यंत.

मामा : म्हणजे दीड वर्षाच्या आसपास तुम्हाला दर आठवड्याची गुणपत्रिकाच नव्हती.

भाची : नव्हती.

मामा : मग त्या दीड वर्षात तुम्ही शहाण्यासारखे वागलात का? मी तर रोज बघत होतो. आवाज तेवढाच होता. पट्ट्या त्याच. म्हणजे टीआरपी हे तुमचं पांघरूण आहे. तुम्हालाच ते आवडतं.

(इथे भाची थोडा वेळ गप्प होती. मामांचा हा मुद्दा मला त्या संध्याकाळचा सगळ्यात धारदार वाटला. टीआरपीला शिव्या देणाऱ्या कोणीही त्या दीड वर्षाचं उत्तर द्यायला हवं.)

भाची : आवडतं असं नाही. परवडतं. हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. गडचिरोलीत आरोग्य केंद्राला डॉक्टर नाही, ही बातमी करायची तर रिपोर्टर पाहिजे, कॅमेरामन पाहिजे, गाडी पाहिजे, दोन दिवस पाहिजेत. हातात पडणार तीन मिनिटांचं पॅकेज. आणि एवढं करून जिल्हा प्रशासन म्हणणार, डॉक्टर रजेवर होते. त्याउलट चर्चा बघा. बहुतेक पाहुणे फुकट येतात. पक्षाचा प्रवक्ता तर स्वतःहून विचारतो, आज काही आहे का? कोरोनानंतर पाहुण्याला गाडी पाठवायचीसुद्धा गरज उरली नाही. तो घरातल्या पुस्तकांच्या कपाटासमोर बसून मोबाइलवरून जोडला जातो. एक अँकर, सहा खिडक्या, तासभर वेळ भरला. चोवीस तास भरायचे असतील तर मतापेक्षा स्वस्त माल नाही. जिल्ह्यातल्या स्ट्रिंगरला बातमीमागे पैसे मिळतात. बातमी लागली तर. हे जोवर बदलत नाही तोवर टीआरपी ठेवा नाहीतर काढा, रात्रीचा तास असाच जाणार.

मामा : आमचा अग्रलेखही स्वस्तच होता की. एक माणूस, एक पेन, चहा.

भाची : पण तो दहा-बारा पानांतल्या एका रकान्यात होता! बाकीच्या पानांवर बातम्या असायच्या. तुम्ही अग्रलेख पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत छापला असतात तर? आमच्याकडे तसंच झालंय. सकाळपासून सांगते. भल्या पहाटे ‘सामना’चा अग्रलेख आमच्यासाठी बातमी होतो. तुमच्या हिशेबानं ते मत आहे. आमच्या रनडाऊनमध्ये ते ब्रेकिंग. मग सकाळी संजय राऊत माध्यमांशी बोलतात, ते थेट दाखवायचं. त्यावर भाजपची प्रतिक्रिया, त्यावर शिंदेंच्या शिवसेनेची, दुपारी राष्ट्रवादीच्या दोन्ही गटांच्या. प्रत्येकासमोर बूम धरलेले पंधरा-वीस रिपोर्टर. संध्याकाळपर्यंत पाच-सहा बाईट जमतात आणि चर्चेचा विषय तयार होतो. दिवसभरात घडलं काय? कोणीतरी काहीतरी म्हणालं. एवढंच.

मामा : राऊतांना तुम्ही दाखवता म्हणून ते बोलतात.

भाची : आणि ते बोलतात म्हणून आम्ही दाखवतो. हे चाक आधी कोण थांबवणार? एखाद्या सकाळी एक वाहिनी गेली नाही, तरी बाकीच्या जातात.

मामा : बरं, एक मुद्दा मला सोडायचा नाही. तुला प्रश्नचिन्ह म्हणजे भित्रेपणा वाटतो. नोव्हेंबर 2009 आठव. आयबीएन लोकमतच्या विक्रोळीच्या आणि पुण्याच्या कार्यालयांत शिवसैनिक घुसले, मोडतोड केली, मारहाण केली. कशासाठी? सचिन तेंडुलकरच्या प्रकरणात बाळासाहेबांवर टीका केली म्हणून. निखिल वागळेंच्या चर्चेचं नाव काय होतं? ‘आजचा सवाल’. नावातच सवाल होता. पण वागळेंचं स्वतःचं मत काय, हे शेंबड्या पोरालाही कळायचं.

भाची : मग तुम्ही माझीच बाजू मांडताय. समोरच्याला बोलू देत नाहीत अशी वागळेंबद्दल तेव्हाही तक्रार होती, मलाही ती पटायची. पण मत कोणाचं आहे यात संशय नव्हता. म्हणून तर दगड कुठे मारायचा हे लोकांना कळलं. टिळकांना 1897 मध्ये दीड वर्षाची शिक्षा झाली आणि 1908 मध्ये सहा वर्षांची, ती ‘केसरी’त आलेल्या लेखांसाठी. त्यांनी ‘आम्ही फक्त विचारलं’ असा बचाव केला नाही. तुमच्या पेपरात शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात एक ओळ असायची, आठवते? संपादकाचं नाव आणि पुढे, पीआरबी कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीची जबाबदारी यांची.

मामा : न आठवायला काय झालं! 1867 चा कायदा. त्या ओळीमुळे आमच्या संपादकांना तालुक्या-तालुक्याच्या कोर्टात तारखांना उभं राहावं लागायचं. अब्रुनुकसानीच्या खटल्यात आरोपी नंबर एक. आता तो कायदा बदलला म्हणतात.

भाची : 2023 मध्ये नवा आला. पण टीव्हीच्या पट्टीला अशी ओळ कधीच नव्हती. ‘सरकार घाबरलं?’ हे कोणी लिहिलं? आउटपुट डेस्कवरच्या पोरानं. कोणी सांगितलं म्हणून? ते पडद्यावर कुठेच दिसत नाही.

मामा : म्हणून काय सरकारचा माणूस बसवायचा तुमच्या कंट्रोल रूममध्ये? मी आणीबाणी बघितली आहे. जून 1975 मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’नं अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. आमच्यासारख्या छोट्या पेपरांना तेवढीही हिंमत झाली नाही. आम्ही वृक्षारोपणावर लिहीत बसलो. तुमच्या चर्चेतला कर्कश आवाज मला त्या शांततेपेक्षा हजारपटीनं बरा वाटतो. इंग्लंडमध्ये ऑफकॉम आहे, बातम्यांत निःपक्षपातीपणा पाळा असा तिथे कायदा आहे, हे मला सांगू नकोस. तिथलं तिथे. आपल्याकडे तसला अधिकारी नेमला की तो निःपक्षपातीपणाची नोटीस कोणाला पाठवेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

भाची : सरकार नकोच. पण स्वनियंत्रण म्हणून जे आहे तेही बघा. वाहिन्यांच्या संघटनेच्या प्राधिकरणाला 2023 मध्येही जास्तीत जास्त दंड करता येत होता तो 1 लाख रुपये. हा आकडा 2008 चा. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच विचारलं की एवढ्या दंडाचा धाक कोणाला वाटणार. आणि ज्या वाहिनीला तेही नको, ती संघटनेबाहेर राहू शकते.

मामा : न्यायालयं आहेत ना.

भाची : आहेत. अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूचं प्रकरण घ्या. जून 2020. कोरोनाचे देशातले सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्रात, आणि आमच्या ओबी व्हॅन वांद्र्यात. महिनोन्‌महिने रोज रात्री त्याच्या मैत्रिणीचा खटला चालवला टीव्हीवाल्यांनी. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला की रिपब्लिक आणि टाइम्स नाऊचं काही वार्तांकन प्रथमदर्शनी न्यायालयाचा अवमान करणारं आहे. पण कारवाई केली नाही. मार्गदर्शक सूचना दिल्या. अमेरिकेत तर आणखी पुढची पायरी गाठली. 2019 मध्ये टकर कार्लसनच्या कार्यक्रमावरून फॉक्स वाहिनीविरुद्ध एका बाईनं अब्रुनुकसानीचा दावा लावला. वाहिनीच्या वकिलांचा बचाव काय? हा मतप्रदर्शनाचा कार्यक्रम आहे, समंजस प्रेक्षक त्यातलं बोलणं शब्दशः खरं मानत नाही. न्यायालयानं तो मान्य केला!

मामा : म्हणजे स्वतःच्याच कार्यक्रमाची स्वतःच थट्टा.

भाची : हो, आणि जिंकले. पण त्याच फॉक्सनं 2020 च्या निवडणुकीत मतदानयंत्रांबाबत भलतंसलतं दाखवलं, तेव्हा यंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीला एप्रिल 2023 मध्ये 78 कोटी 75 लाख डॉलर मोजून त्यांना तडजोड करावी लागली. सरकार मध्ये आलंच नाही. वाहिनीतल्या लोकांचे आपापसातले संदेश न्यायालयात उघड झाले. पडद्यावर जे चाललं होतं त्यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता, हे लोकांना दिसलं. आपल्याकडे दिवाणी दाव्याचा निकाल लागेपर्यंत अँकर निवृत्त होईल.

मामा : बरं, तुझ्या हातात वाहिनी दिली तर तू करशील काय? चर्चा बंद?

भाची : नाही. आधी प्रश्नचिन्ह काढीन. अँकरला मत असेल तर त्यानं चर्चेआधी पाच मिनिटं एकट्यानं कॅमेऱ्याकडे बघून सांगावं : हे माझं मत आहे, ही कारणं आहेत. एनडीटीव्हीवर रवीशकुमार सुरुवातीला एकटेच बोलायचे. पटो न पटो, काय म्हणायचंय ते कळायचं, आणि बोलण्यामागे दिवसभर केलेला अभ्यास दिसायचा. नोव्हेंबर 2022 मध्ये ते बाहेर पडले. आपल्याकडचे पुष्कळ लोकही यूट्यूबवर गेले, कारण ‘माझं मत’ असं म्हणायला तिथे मोकळीक आहे. वाहिनीवर नाही. वाहिनीला सगळ्यांशी संबंध ठेवायचे असतात. सरकारी जाहिराती असतात, मालकाचे इतर धंदे असतात.

मामा : म्हणजे यूट्यूबवर स्वातंत्र्य आणि टीव्हीवर पगार.

भाची : अगदी. आणि दुसरं, प्रवक्त्यांना आठवड्यातून एकच दिवस बोलावीन. पक्षच यादी ठरवतात, पक्षच बहिष्कार घालतात. सप्टेंबर 2023 मध्ये ‘इंडिया’ आघाडीनं 14 अँकरांची नावं जाहीर करून त्यांच्याकडे जायचं नाही असं ठरवलं. त्या अँकरांबद्दल मला फार प्रेम नाही. पण त्यांचे कार्यक्रम थांबले का? प्रवक्त्यांची खुर्ची भरायला ‘राजकीय विश्लेषक’ मिळाले. त्यावरून प्रवक्ते किती गरजेचे होते ते कळतं.

मामा : प्रवक्ते गेले की मजा गेली. मला भांडणही हवं, तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? चाळीत वाढलो आम्ही. पण प्रश्नचिन्हाचं तू म्हणतेस ते खरं. उद्यापासून मी पट्टी वाचणार.

*

दोघांचं तिथेच थांबलं, कारण भाचीला गाडी पकडायची होती. माझं मत प्रश्नचिन्ह न लावता सांगतो. सरकारला या चर्चांच्या जवळपास फिरकू देऊ नये, यात मामा बरोबर आहेत. वाहिन्यांनी मत प्रश्नाआड लपवू नये, यात भाची बरोबर आहे. आणि बातमीसाठी खर्च न करणाऱ्या वाहिनीला मत मांडायचा नैतिक अधिकार फार थोडा उरतो, हे त्या दोघांपैकी कोणी इतक्या स्पष्ट शब्दांत म्हणालं नाही, म्हणून मी म्हणतो.

प्रेक्षकाच्या हातात रिमोट सोडून आणखी एक गोष्ट आहे, ती फारशी कोणी वापरत नाही. केबल टीव्हीच्या नियमांत 2021 मध्ये झालेल्या बदलानुसार, कार्यक्रमाबद्दल तक्रार आली की वाहिनीला 24 तासांत पोच द्यावी लागते आणि 15 दिवसांत निर्णय कळवावा लागतो. तो पटला नाही तर पुढच्या 15 दिवसांत स्वनियंत्रण संस्थेकडे जाता येतं. पुढच्या वेळी चर्चा बघून संताप आला, तर शेजाऱ्याला ऐकवण्याआधी कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ आणि पट्टीवरचं वाक्य लिहून वाहिनीला पाठवा. सोबत एवढंच विचारा, की हे वाक्य कोणाचं आहे.